अल्झायमर्स व्याधी आणि मेंदूपेशींतील जनुकनियमन

“आईला हा आजार झाला, मग मलाही होणार का?” स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला घेऊन आलेली मुलगी हा प्रश्न बहुधा तपासणी संपल्यावर, आईला बाहेर बाकावर बसवून पुन्हा आत येऊन विचारते. पूर्वी आपण या प्रश्नास बीजदोष व प्रकृती या शब्दांत उत्तर देत असू. आता प्रश्नकर्त्याच्या हातात कधीकधी जनुकचाचणीचा छापील अहवालच असतो, आणि ‘तुमच्या रसायनाने जीन दुरुस्त होतो का?’ हा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतो. औषधविक्रेत्या बंधूंना तर तो दुकानातच उभ्याउभ्या विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर या व्याधीत जनुकांचे नेमके काय होते, हे आपणास ठाऊक असले पाहिजे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याविषयी जे ज्ञान हाती आले आहे ते आपल्या नेहमीच्या वाचनात फारसे येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

अॅलॉइस अल्झायमर यांनी फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची हकिगत तिच्या मृत्यूनंतर, १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये, ट्यूबिंगेन येथील सभेत मांडली. मेंदूत पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गुंतवळी या दोन खुणा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. थर अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे आणि गुंतवळी टाऊ या प्रथिनाच्या, हे पुढे निष्पन्न झाले. इतका इतिहास बहुतेकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या पुढचा आहे.

पाट एक, वाफे अनेक

मनुष्याच्या प्रत्येक सकेंद्र पेशीत जवळजवळ तोच डीएनए असतो. यकृताच्या पेशीत जी सुमारे वीस हजार प्रथिननिर्माती जनुके आहेत तीच मेंदूच्या पेशीतही आहेत. मग एक पेशी पित्त निर्माण करते आणि दुसरी स्मृती धारण करते, असे का? कारण कोणत्या पेशीने कोणती जनुके वाचावयाची आणि कोणती मिटून ठेवावयाची, हे ठरविणारी व्यवस्था पेशीगणिक निराळी असते. या व्यवस्थेस जनुकनियमन म्हणतात.

धातुपोषणाचे तीन न्याय आपण पहिल्या वर्षी पाठ केले आहेत. त्यांपैकी केदारीकुल्या न्याय येथे समजूत पटविण्यास सोयीचा आहे. पाटाचे पाणी एकच. पण दारे धरणारा माणूस कोणत्या वाफ्याचे दार केव्हा फोडतो आणि केव्हा मातीने बुजवितो, यावर कोणता वाफा भिजणार हे ठरते. पेशीकेंद्रात ही दारे अनेक प्रकारची आहेत. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर अॅसिटिल गट चिकटला की ते ठिकाण सामान्यतः सैल होऊन जनुक वाचता येते. तो निघाला की घट्ट होते. डीएनएवर मिथिल गट बसला तर पुष्कळदा दार बुजते. याशिवाय जनुकापासून दूर असलेले नियामक खंड असतात. तेथे विशिष्ट प्रथिने येऊन बसली की दूरचे जनुक वाचले जाऊ लागते. जनुकाचे वाचन झाले की संदेशवाहक आरएनए तयार होतो. म्हणून पेशीतील हे संदेश मोजले म्हणजे त्या वेळी कोणती जनुके किती वाचली जात होती याचा अंदाज येतो.

प्रत्यक्ष जनुकांतील बिघाडाने होणारा अल्झायमर्स अस्तित्वात आहे. अमायलॉइडचे मूळ प्रथिन निर्माण करणारे एक जनुक आणि प्रेसेनिलिन नावाची दोन जनुके यांतील उत्परिवर्तनांमुळे काही कुटुंबांत ऐन चाळिशी-पन्नाशीत हा व्याधी होतो. परंतु अशा रुग्णांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. आपल्यासमोर येणाऱ्या पासष्टीपुढील बहुसंख्य रुग्णांत असे एखादे तुटलेले जनुक दाखविता येत नाही. तेथे आढळते ती जोखीम. १९९३ साली एपीओई या जनुकाच्या ‘४’ या प्रकाराचा संबंध दाखविला गेला. आजही सर्वसामान्य जोखमीत तोच सर्वांत मोठा वाटा मानला जातो. तरीही तो अंगी असलेले कित्येक लोक अखेरपर्यंत शाबूत स्मृतीने जगतात आणि तो नसलेल्यांनाही व्याधी होतो.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत जोखमीशी निगडित अशी पंचाहत्तर ठिकाणे गुणसूत्रांवर नोंदली गेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जोखमीचे बहुतेक फरक प्रथिनाची रचना सांगणाऱ्या मजकुरात नाहीत. ते मधल्या भागात, नियामक खंडांत आहेत. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर वाफ्यातील पीक तेच आहे, फरक दाराच्या मातीत आहे.

मग प्रश्न येतो, कोणत्या पेशीचे दार? स्मृतीचा व्याधी म्हणजे चेतापेशीचा बिघाड, असा आपला स्वाभाविक समज. २०१९ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी बीआयएन-१ या जनुकाजवळचा असा एक जोखमीचा नियामक खंड तपासला. मूलपेशींपासून तयार केलेल्या मानवी पेशींतून तो खंड त्यांनी कापून काढला. चेतापेशींत आणि तारकापेशींत बीआयएन-१ चे वाचन पूर्ववत राहिले. मायक्रोग्लियात मात्र ते जवळजवळ थांबले. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतील भक्षकपेशी. मृत अंश, जंतू व अमायलॉइडसारखा साचा उचलून नेणे हे त्यांचे काम. जोखमीच्या नियामक खंडांपैकी मोठा भाग याच पेशींत कार्यरत असल्याचे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसून आले. स्मृती चेतापेशीची जाते, पण वंशातून आलेली दुर्बलता पुष्कळ अंशी मेंदूच्या सफाई कामगारांत असते, असे म्हणावयास हरकत नाही.

भरड आणि निवड

याआधी मेंदूतील जनुकवाचन मोजण्याची रीत सरधोपट होती. मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूचा तुकडा घ्यावयाचा, तो वाटावयाचा आणि एकूण संदेश मोजावयाचे. कारखान्यात अनेक द्रव्यांचे भरड एकत्र झाल्यावर त्यातील ज्येष्ठमध वाढला की शतावरी घटली हे चवीवरून सांगणे जितके कठीण, तितकेच हे कठीण होते. चेतापेशी मेल्या तरी त्यांचे संदेश कमी दिसत आणि जिवंत पेशींनी वाचन थांबविले तरी कमीच दिसत. अलीकडे एकेका पेशीकेंद्रातील संदेश वेगवेगळे मोजण्याची पद्धती हाती आली, आणि भरड निवडून एकेक द्रव्य बाजूला काढावे तसे झाले.

या पद्धतीने केलेला पहिला मोठा अभ्यास मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील ली-ह्वे त्साय व मानोलिस केलिस यांच्या गटांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी लागलेले मेंदू शिकागोच्या रश विद्यापीठाने चालविलेल्या उपक्रमांतून मिळाले. त्यांतील एक उपक्रम १९९४ पासून कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू व धर्मबंधू यांच्या सहभागाने चालू आहे. ही मंडळी दरवर्षी स्मृतीची परीक्षा देतात आणि मृत्यूनंतर मेंदू दान करण्याचे आधीच लिहून देतात. आपल्याकडे देहदानाविषयी बोलताना हे उदाहरण सांगण्यासारखे आहे. असो.

अठ्ठेचाळीस व्यक्तींच्या ललाटामागील मेंदूच्या भागातून ८०,६६० पेशीकेंद्रे तपासली गेली. व्याधीत बदललेल्या जनुकांपैकी उत्तेजक चेतापेशींत सुमारे ७५ टक्के आणि निरोधक चेतापेशींत सुमारे ९५ टक्के जनुकांचे वाचन घटलेले आढळले. उलट मायक्रोग्लिया, तारकापेशी आणि मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढविणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी यांत बदललेल्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिकांचे वाचन वाढलेले होते. एकाच मेंदूत, एकाच व्याधीत शेजारीशेजारी बसलेल्या पेशी विरुद्ध दिशांनी बदलत होत्या. एपीओईचीच गोष्ट पाहा. मायक्रोग्लियात त्याचे वाचन वाढले होते, तर तारकापेशींत घटले होते. तुकडा वाटून मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत वाढ-घट एकमेकींत मिसळून जाते आणि हाती गोंधळ येतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. आरंभीच्या अवस्थेतील बदल प्रत्येक पेशीप्रकाराचे आपापले, वेगवेगळे असतात. व्याधी वाढल्यावर मात्र निरनिराळ्या पेशींत सारखेच बदल दिसू लागतात, आणि त्यांत प्रथिनांची घडी सावरणारी, ताणाला तोंड देणारी जनुके प्रामुख्याने असतात. उशिरा आलेल्या रुग्णात कारण शोधू गेल्यास सर्वत्र सारखाच आकांत ऐकू येईल, प्रारंभ कोठून झाला हे कळणार नाही.

२०२३ मध्ये त्याच संशोधकांनी ब्याण्णव व्यक्तींच्या सुमारे साडेआठ लाख पेशीकेंद्रांत दारांचीच तपासणी केली; संदेशांबरोबर डीएनए कोठे सैल व कोठे घट्ट आहे हेही पाहिले. व्याधी बळावलेल्या मेंदूत घट्ट व सैल प्रदेशांमधील सीमाच पुसट झालेल्या होत्या. जे मिटलेले असावयाचे ते उघडे पडले होते, जे उघडे असावयाचे ते मिटत चालले होते. त्याबरोबर पेशीची स्वतःची ओळखही क्षीण होत होती. आणि ही झीज ज्यांच्या मेंदूत कमी होती त्यांची बुद्धी अधिक टिकलेली होती. पावसाळ्यात बांध फुटून वाफ्यांचे पाणी एकमेकांत मिसळते, तसा हा प्रकार होय.

जरा आणि व्याधी

वैद्यांच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथून पुढे आहे. सुश्रुताने जरेची गणना क्षुधा, पिपासा, निद्रा, मृत्यू यांच्याबरोबर स्वभावबलप्रवृत्त गटात केली आहे. तीवरून आपल्यापैकी पुष्कळ जण वृद्धाच्या विस्मृतीस ‘वयोमानाने होणारच’ असे म्हणतात, आणि अल्झायमर्स म्हणजे लवकर किंवा जोराने आलेली जराच असे मानून चिकित्सा करतात. जनुकनियमनाचा अभ्यास या समजास पाठिंबा देत नाही.

२०१४ साली हार्वर्ड येथील ब्रूस यँकनर यांच्या गटाने रेस्ट नावाच्या नियामक प्रथिनाविषयी लिहिले. गर्भावस्थेत हे प्रथिन चेतापेशींची जनुके मिटून ठेवते, पुढे ते मंदावते. निरोगी वृद्धांच्या चेतापेशीकेंद्रांत ते पुन्हा भरपूर आढळले. पेशीमृत्यूकडे नेणारी जनुके ते मिटवीत होते आणि ताण सोसण्यास मदत करणारी जनुके त्याच्यामुळे वाढत होती. म्हणजे वार्धक्यात मेंदू स्वतःच्या रक्षणाची एक व्यवस्था नव्याने उभी करतो. सौम्य विस्मृतीच्या आणि अल्झायमर्सच्या रुग्णांत हेच प्रथिन पेशीकेंद्रातून जवळजवळ नाहीसे झालेले होते. विशेष म्हणजे ज्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे थर व गुंतवळी असूनही हयातीत बुद्धी शाबूत होती, त्यांच्यात रेस्टची पातळी अधिक आढळली.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शेली बर्जर यांच्या गटाचा २०१८ चा अभ्यास याच दिशेचा आहे. हिस्टोनवरील एक विशिष्ट अॅसिटिल खूण निरोगी वार्धक्यात वाढलेली आढळली, अल्झायमर्समध्ये मात्र ती मोठ्या प्रमाणावर नाहीशी झालेली होती. नैसर्गिक जरा ज्या दिशेने जाते तिच्याच दिशेने हा व्याधी अधिक वेगाने धावत असता, तर ती खूण आणखी वाढावयास हवी होती. येथे वाटच निराळी आहे. जरा ही पार्श्वभूमी खरी. पण व्याधी म्हणजे तिची बिघडलेली, रक्षण हरवलेली अवस्था आहे. तेव्हा ऐंशी वर्षांच्या आजोबांना शेजाऱ्याचे नाव चटकन न आठवणे आणि सत्तरीच्या आजींनी रोजच्या वाटेवर घर न सापडून रडत उभे राहणे, या दोन गोष्टींस आपण एकाच सदरात टाकू नये.

सावधगिरीची एक सूचना येथेच करतो. वरील बहुतेक निष्कर्ष मृत व्यक्तींच्या मेंदूतून काढलेले आहेत. जनुकवाचन बदलले म्हणून व्याधी झाला, की व्याधी झाला म्हणून वाचन बदलले, हे एकाच वेळी टिपलेल्या चित्रावरून सांगता येत नाही. बीआयएन-१ च्या प्रयोगासारखी प्रत्यक्ष काटछाट केलेली उदाहरणे त्यामुळेच मोलाची आहेत. या प्रत्येक शोधावर औषधाची इमारत उभारण्याची घाई पाश्चात्त्य कंपन्यांनाही महाग पडली आहे.

समानता दाखविण्याचा मोह

तर्पक कफ म्हणजे मायलिन, साधक पित्त म्हणजे अमुक रसायन, धात्वग्नी म्हणजे जनुकनियमन, अशी समीकरणे आपल्या परिषदांतून वारंवार मांडली जातात. वर केदारीकुल्या न्याय मीही वापरला आहे. तो समजावून देण्यापुरता आहे, सिद्धता म्हणून नव्हे. चक्रपाणीने पाटाच्या पाण्याची उपमा रसधातूच्या अभिसरणासाठी दिली. त्यास डीएनए ठाऊक होता असे म्हणणे हा त्याचा गौरव नव्हे. आपल्या शास्त्राचे सामर्थ्य व्याधीच्या अवस्थेचा, बलाचा, अग्नीचा आणि सात्म्याचा विचार करण्यात आहे. उसन्या शब्दांनी ते वाढत नाही.

औषधींच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच हवी. दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्या देशातील संशोधनाची आहेत.

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१२ साली अश्वगंधामुळाच्या अंशतः शुद्ध केलेल्या अर्काचा प्रयोग केला. अल्झायमर्सची मानवी जनुके घातलेल्या उंदरांना तो तीस दिवस दिल्यावर त्यांचे वर्तन सुधारले आणि मेंदूतील अमायलॉइड घटले. हे कसे झाले याचा शोध घेता असे दिसले की अर्काने यकृतातील एलआरपी या ग्राही प्रथिनाचे प्रमाण वाढविले होते. त्याचा विरघळणारा अंश रक्तात येऊन अमायलॉइडला मेंदूबाहेर ओढत होता. यकृतातील ते जनुक कृत्रिम उपायाने मिटविताच औषधाचा सारा लाभ नाहीसा झाला. जनुकवाचनात बदल घडला खरा, पण तो मेंदूत घडला नाही, यकृतात घडला! संशोधनाच्या दृष्टीने हे काम उत्तम आहे. परंतु ते उंदरांवरचे आहे; मात्रा शरीरभाराच्या दर किलोस एक ग्रॅम अर्काची होती; आणि तो अर्क म्हणजे आपल्या बरणीतील अश्वगंधाचूर्ण नव्हे. साध्या त्रैराशिकाने ही मात्रा मनुष्यास लावता येत नाही. या प्रयोगाचा आधार देऊन चूर्णाच्या डब्यावर ‘अल्झायमर्सवर सिद्ध’ असे छापणे म्हणजे त्या संशोधकांवरही अन्याय आहे.

दुसरे उदाहरण हळदीचे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तापस कुंडू यांच्या प्रयोगशाळेने २००४ साली दाखविले की हळदीतील कर्क्युमिन हे पी-३०० या अॅसिटिल गट चिकटविणाऱ्या विकराचे कार्य रोखते. म्हणजे हळदीतील द्रव्य जनुकांच्या दारांवर काम करू शकते. येथपर्यंत ठीक. पण अल्झायमर्समध्ये अॅसिटिल गट कमी होणे इष्ट की वाढणे इष्ट? वर पाहिल्याप्रमाणे एक खूण व्याधीत नाहीशी होते. २०१२ साली त्साय यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिल गट काढून टाकणारे एचडॅक-२ हे विकर वाढलेले दाखविले. तर बर्जर यांच्याच गटाला २०२० मध्ये दुसऱ्या दोन अॅसिटिल खुणा व्याधीत वाढलेल्या आढळल्या. एका वाफ्यास पाणी जास्त झाले आहे, दुसरा कोरडा पडला आहे. अशा वेळी ‘आमचे द्रव्य दारांवर काम करते’ एवढ्याने काय समजावे? शिवाय लॉस एंजेलिस येथे अल्झायमर्सच्या रुग्णांना दिवसास २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन चोवीस आठवडे देऊन पाहिले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लाभ दिसला नाही आणि रक्तात पोहोचलेले कर्क्युमिनही फार थोडे होते.

हळदीमुळे भारतात हा व्याधी होतच नाही, असे विधान आपल्या व्याख्यानांतून अजून ऐकू येते. त्याचा उगम बहुधा हरियाणातील बल्लभगड येथील १९९८ च्या पाहणीत आहे. तेथे अल्झायमर्सचे प्रमाण खरोखरच कमी आढळले होते. परंतु देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या २०२३ च्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात सर्व प्रकारचा स्मृतिभ्रंश मोजलेला असल्याने दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही हे खरे, पण हळदीचे कवच आपणास लाभले आहे असे म्हणण्यास जागा उरलेली नाही.

चिकित्सालयात

चरकाने चिकित्सास्थानात मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. ती रसायने म्हणून, म्हणजे शोधन व अग्नी यांचा विचार करून, वेळीच द्यावयाची आहेत. मेंदूत पेशींची ओळखच पुसली गेल्यानंतर ती गमावलेली स्मृती परत आणतील असे वचन शास्त्रातही नाही. जलब्राह्मीच्या अर्काने निरोगी वृद्धांच्या स्मरणशक्तीत काही सुधारणा झाल्याचे अमेरिकेतील चोपन्न व्यक्तींवरील २००८ च्या अभ्यासात नोंदले आहे. तो निष्कर्ष निरोगी वृद्धांविषयी आहे, अल्झायमर्सच्या रुग्णांविषयी नव्हे, हे कटाक्षाने लक्षात ठेवावे.

मी स्वतः केलेली एक चूक येथे सांगणे योग्य होईल. सत्तरीजवळ आलेल्या एका शाकाहारी बाईंना विसरभोळेपणा व चालताना तोल जाणे या तक्रारींसाठी मी पाच महिने मेध्य कल्प दिले. वय आणि लक्षणे पाहून मनात अल्झायमर्स पक्का केला होता. त्यांच्या जावयाने दुसरीकडे रक्त तपासून घेतले, तेव्हा बी-१२ अत्यल्प निघाले. इंजेक्शनांनी विस्मृती बरीच निवळली. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. ते पाच महिने माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून बी-१२, थायरॉइड, रक्तशर्करा, ऐकू येण्याची तपासणी, खिन्नतेची विचारपूस, आणि अलीकडे पडल्याचा इतिहास असेल तर मेंदूचे चित्रण, यांवाचून मी विस्मृतीस नाव देत नाही. विस्मृती काही दिवसांतच अचानक आली असेल तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.

आपल्या कपाटातील औषधांचाही विचार करावा. धत्तूर व पारसीक यवानी म्हणजे खुरासनी ओवा यांतील द्रव्ये अॅसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. अल्झायमर्समध्ये तेच आधी उणे पडलेले असते. श्वासासाठी किंवा निद्रेसाठी असे कल्प घेणारा वृद्ध अधिक गोंधळला, तर दोष व्याधीवर ढकलण्यापूर्वी ते बंद करून पाहावेत. रुग्ण डोनेपेझिल घेत असेल तर त्याची नाडी मंद तर होत नाही ना हे पाहावे आणि ते औषध आपण परस्पर थांबवू नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्याने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. पारद व नाग यांचे कल्प तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास न देणेच मला श्रेयस्कर वाटते. बोस्टन येथे विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांपैकी चौदांत शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपण सर्वांनी मान खाली घातली होती.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून मागविल्यास एका व्यापाऱ्याकडून कारिवणा येतो, दुसऱ्याकडून जलब्राह्मी. शंखपुष्पी म्हणून कोठे शंखपुष्पी, कोठे विष्णुक्रांता, तर कोठे गोकर्ण. ज्या द्रव्याची ओळखच निश्चित नाही त्याने पेशींतील कोणते जनुक वाचले जाते, ही चर्चा व्यर्थ आहे. खरेदीच्या कागदावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेले अंग नोंदवून नमुना राखून ठेवावा. आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार स्पष्टपणे नमूद आहेत, हे माहितीपत्रक छापण्याआधी पाहावे. ‘जीन दुरुस्त करणारे’ हे शब्द त्या कायद्यात बसत नाहीत आणि वर सांगितलेल्या ज्ञानातही बसत नाहीत.

आता बाकावर आई बसली आहे आणि मुलगी उत्तराची वाट पाहत आहे. तिला मी असे सांगतो : आईला सत्तरीनंतर हा व्याधी झाला असेल तर तुमची जोखीम इतरांपेक्षा काहीशी अधिक आहे, निश्चिती मात्र मुळीच नाही. पन्नाशीतच झाला असेल आणि मामा-मावशींपैकी कोणास तसाच झाला असेल, तर आनुवंशिकी तज्ज्ञांना भेटावे. अहवालात एपीओई-४ लिहिले असले तरी तो निकाल नव्हे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या चौदा जोखमी मोजून, त्या सर्व दूर करता आल्या तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल असा अंदाज दिला आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, तंबाखू, व्यायामाचा अभाव आणि एकाकीपणा आहेत. मग तिचा रक्तदाब तेथेच मोजतो, तंबाखूची मिश्री लावता का हे विचारतो, आणि आईचे बी-१२ व थायरॉइडचे कागद पुढच्या भेटीत आणावयास सांगतो.